घट

मानवत रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
वैदेही टाकसाळेनं तांब्याचं भांडं बसवलंय.
भिंतींना अजून सरकीचा वास.
बाहेर त्रेचाळीस. आत पिंपं, एकोणीस,
लग्नघरी दुपारी आडव्या झालेल्या पाहुण्यांसारखी.

‘तीन उन्हाळे झालेत, काका,’ ती म्हणाली,
‘हिवाळे मी मोजत नाही.’

मला बोलावलं ते नाकासाठी.
एकतीस वर्षं उत्पादन शुल्कात हे नाक सरकारी होतं.
नाल्यात पुरलेली रबरी ट्यूब, नवसागर, सडका गूळ,
मी डोळे मिटून गाव सांगायचो,
कधी कधी माणूससुद्धा.
पण चवीचा रकाना
आमच्या पंचनाम्यात नव्हता.

रंग : वाळल्या करडईच्या पाकळीचा.
वास : आधी नुसतं स्पिरिट, उद्धट,
मिसरूड फुटलेल्या पोरानं दारात बुलेट आणून
उगाच रेस करावी तसं.
मग मागून पऱ्हाटीचा धूर.
सातू ती पऱ्हाटीवर वाळवते,
‘दुसरं सरपण आहेच काय इथं?’
धुरामागं लाकूड, लाकडामागं
फुटाण्याचं टरफल, हातावर चोळून फुंकलेलं.

‘दोन थेंब पाणी टाका.’
दुधनेचं, गाळलेलं. टाकलं.
पोरगं दारातून आत आलं,
चप्पल काढली.

जिभेवर तिखट. मग गोड,
पण गोड म्हणेपर्यंत गेलंसुद्धा.
कच्ची आहे. खोटी नाही.

‘पिंपात किती उरली?’ मी सवयीनं विचारलं.
तिनं लाकडी हातोडीनं पिंप वाजवलं,
वरचं अंग पोकळ बोललं.
‘दोनशे भरली होती. एकशेचाळीस असेल.
बाकीची उडाली.’

उडाली.

एकोणनव्वद साल, चिकलठाण्याचं गोदाम,
नऊ नंबरचं पिंप,
गोदामपाल बाबाराव गिराम.
एक्केचाळीस लिटर कमी.
घटीची मुभा होती नियमात,
कुठल्यातरी थंड गावी स्वेटर घालून बसलेल्या
माणसानं ठरवलेली.
बाबारावानं जबाब दिला दोन शब्दांचा : उडाली, साहेब.
मी समासात लिहिलं : उडवाउडवीची उत्तरे देतो.
त्याचं तोंड हुंगलं मी, पंचांसमक्ष.
वास आला बडीशेपेचा.
तेही लिहिलं : वास लपविण्यासाठी.
अकरा महिने घरी बसला तो.

पुढे एकदा परभणीच्या स्टँडवर भेटला.
रसवंतीत शेजारी बसला, तब्येत विचारली,
पैसे त्यानंच दिले.
त्या विषयाचं एक अक्षर नाही.

पत्रा कडकडला उन्हानं.
दुसरा घोट घेतलाच नाही,
पेला खाली ठेवून नुसता उभा राहिलो.
नीट हुंगलं तर हवेतच होती ती,
वर, आढ्याशी,
जिथं पारवे डोळे अर्धे मिटून बसलेले.
साठ लिटर.
कुणीही चोरली नव्हती.

वैदेहीनं वही पुढं केली, रकाने तिनंच आखलेले.
रंग, वास, चव भरली. खाली शेरा.
बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं :
घट मान्य.
सही केली, हुद्द्यासकट,
जो आता नाही.

‘हे कळलं नाही, काका.’
मी विचारलं, पाचची पॅसेंजर मिळेल का.
‘ती कुठं वेळेवर असते,’ ती म्हणाली,
आणि बडीशेपेची वाटी पुढं केली,
‘घ्या. गाडीत वास नको यायला.’