खारीकची बाराखडी

हॅलिफॅक्सच्या चढावरच्या आमच्या घरात
खारीक आला तेव्हा पाच वर्षांचा होता,
शर्यतीतून निवृत्त,
कानाच्या आत हिरव्या शाईत गोंदलेला नंबर
आणि मांडीवर एक जुना व्रण
ज्याबद्दल कागदपत्रांत काहीच नव्हतं.
रंगावरून निहारने नाव ठेवलं.
सुकलेला, लांबोडका, आतून गोड असणार, म्हणाला.

आम्ही त्याला आमच्या भाषेत वाचलं.
जांभई दिली : झोप आली वाटतं.
ओठांवरून जीभ फिरवली : भूक लागली, घाल रे अजून थोडं.
अंग कोरडं असताना झटकलं : थंडी वाजतेय बिचाऱ्याला.
नणंदेने लेस्टरहून स्वेटर विणून पाठवला.
तो घातला की हा पुतळ्यासारखा उभा राहायचा
आणि आम्ही म्हणायचो, किती गुणी आहे.

निहारच्या तेराव्या वाढदिवसाला
बारा बाय चौदाच्या खोलीत अठरा माणसं.
फुगे, शेव-बटाटा-पुरी, कुणीतरी आणलेला स्पीकर.
दातारांच्या चिमीने खारीकच्या गळ्याला मिठी मारली
आणि फोटो निघाला.
"हसतोय बघा!" सगळे म्हणाले.
आठवडाभर तो फोटो फ्रिजवर होता.

मग मॉरीन आली, खालच्या घरातली,
दर गुरुवारी आमचा कचऱ्याचा डबा आत ओढून ठेवणारी.
तीस वर्षं केनेलमध्ये झाडलोट केलेली बाई,
चहा बिनदुधाचा.
फोटोपुढे चष्मा कपाळावर सरकवून थांबली.
"हसत नाहीये गं तो."
आणि बोटाने दाखवत गेली,
डोळ्याच्या कडेची पांढरी चंद्रकोर,
मिठीपासून जमेल तितकं वळवलेलं तोंड,
पुढचा एक पाय जमिनीवरून जरासा उचललेला,
जणू गालिचा तापला आहे.
ओठांचे कोपरे मागे ताणलेले.
तेच आमचं हसू.

त्या रात्री मी पुन्हा पहिलीत बसले.
मागे चिकटलेले कान म्हणजे रफार.
पोटाखाली गेलेलं शेपूट म्हणजे उकार,
ऱ्हस्व की दीर्घ, ते घरात पाहुणे किती त्यावर.
जांभई म्हणजे झोप नव्हे, विनंती.
गुरगुरणं हे अगदी शेवटचं अक्षर,
त्याच्या आधीची सगळी पानं आम्ही न वाचताच उलटलेली.
शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात.
याने तर केव्हाचे सांगून ठेवलेले,
शहाणपण आमच्याकडे उशिरा पोचलं.

स्वेटर कपाटात गेला.
मिठी मारायची नाही, असा कायदा झाला.
जिन्याखाली, गॅसच्या मीटरशेजारी, त्याची गादी.
तिथे तो असला की घरी नाही असं समजायचं.

एवढं सगळं शिकलेली मी
मंगळवारी जेवताना निहारला विचारत होते,
नवी शाळा कशी आहे, कुणी मित्र झाले का,
आणि त्याने जांभई दिली.
रात्री फोन घेऊन बसतोस ना,
हे माझ्या जिभेच्या टोकावर आलंच होतं.
नजर मिठाच्या डबीपलीकडे,
बाहीचं टोक मुठीत,
वरण-भात जेवताना कोरडे न पडलेले ओठ
पुन्हा पुन्हा ओले करत होता.

फोटो अजून फ्रिजवरच होता.
चिमी आणि खारीक यांच्या मागे, कडेला,
कागदी टोपीतला उत्सवमूर्ती.
तोही हसतोय, म्हणाले होते सगळे.

समोर उभी राहू नकोस, मॉरीन म्हणाली होती,
वरून वाकू नकोस.
बाजूला बस, तिरकी. हात खाली. बघू नकोस.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले तशी,
मटार सोलत, मुद्दाम शेंगांचे आणलेले.
बराच वेळ काहीच नाही.
मग खारीक गादीवरून उठला,
जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला,
अंग झटकलं नाकापासून शेपटीपर्यंत,
कान फटफट वाजले.
वर कुठेतरी दाराची कडी.
मी मान वळवली नाही.
एक शेंग बाजूला ठेवली.