तिथीची पाऊणपट

करूळचा घाट उतरताना टेम्पोच्या हौद्यात
मोटारसायकल तीन दोरांनी बांधलेली,
चौथा दोर मी.
रणधीर पुढे झोपलेला, मांडीवर हेल्मेट,
ओटीतल्या नारळासारखं दोन्ही हातांनी धरून.

वेळकोंडच्या नाक्यावर दोनच फलक.
वाळूवरची शर्यत, वर्ष बारावे.
आणि खाली हातानं लिहिलेलं :
होडीतून डॉल्फिन दाखवू, न दिसल्यास निम्मे पैसे परत.

शर्यतीची वेळ कुठंच नव्हती.
विचारलं तर दात घासता घासता खोतांचे अनंतराव म्हणाले,
पौर्णिमा ना आज?
पंधराची पाऊणपट करा. सव्वाअकराला भरती.
पुढं सव्वासहा तासांनी पाणी तळाला.
त्याच्या अलीकडे पलीकडे काय धावायचं ते धावा.
उद्यमनगरात आमची वेळ भोंग्याची.
ओलं घड्याळ मी पहिल्यांदाच पाहिलं.

साडेचारला वाळू उघडी पडली,
तिंबून ठेवलेल्या कणकेसारखी.
फक्कीची रेघ, बांबूला लाल लुगड्याचा तुकडा,
बारा गाड्या.
मासळी विकून आलेल्या बाया
टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या,
पोरं उताण्या होड्यांच्या काठांवर.
झेंडा पडला
आणि किनाराभर कुर्ल्या एकदम बिळांत.

दोन फेऱ्या रणधीर पुढं होता.
तिसरीत गाडी खोकली.
तो खोकला मी ओळखतो.
हवा फार, पेट्रोल थोडं.
कोल्हापूरच्या हवेला बेताची जेट
इथल्या दाट हवेला उपाशी ठेवते.
बदलायची होती. डबीत दुसरी होती.
रात्री टेम्पोवाल्याबरोबर
तांबड्या रश्शाच्या गप्पा मारत बसलो, ती राहिली.

गाडी ढकलत आला. घामावर वाळू चिकटलेली.
म्हणाला, मामा, वाळू गेली असेल आत.
मी म्हणालो, असेल.

बक्षिसं वाटत होते तेव्हा मी खाडीकडे गेलो.
सुमती टिकमच्या होडीत उतारू मी एकटाच.
बारा हॉर्सपॉवरचं इंजिन, बरं बोलत होतं.
खाडीच्या तोंडाशी तिनं ते बंद केलं, वर उचललं,
आणि बांबू घेऊन उभी राहिली.
हय इंजिन चालना नाय, म्हणाली, पाणी कमी.

एवढी शांतता माझ्या कानांना सोसत नाही.
मला बिघाड ऐकायची सवय.
तळाला वाळू घासत होती, बांबू बुडत होता, निघत होता.
मी म्हणालो, चूक माझी होती.
काय? ती म्हणाली. वारा तिच्या बाजूनं होता.
मी म्हणालो, डॉल्फिन दिसला नाही.
निम्मे परत गावतले, म्हणाली,
आणि पुन्हा बांबू रोवला.

परत येईतो चंद्र डोंगरावर,
पाणी रेघेवर आलेलं.
आधी फक्की गेली, मग चाकांच्या चऱ्या,
मग जिथं तो गाडीवरून उतरला ती जागा.
बांबू तेवढा उभा, गुडघाभर पाण्यात,
अजून कुणी यायचं राहिल्यासारखा.

पहाटे निघालो. घाटात कानांना दडे बसले.
गगनबावड्याला चहासाठी थांबलो.
धुकं होतं. रणधीर हौद्यात चढला,
बघू तरी, म्हणाला,
आणि एक किक मारली.

लागली.
एका किकेत, स्वच्छ,
वाळूचा कण नसल्यासारखी.
तो ऐकत राहिला.
मग बंद केली.
मग हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

चहा आला होता.
मी दोन्ही कप हातात घेऊन उभा होतो.