पीठ जाडं येऊन रायलं

पयले शेवंताकाकूनं सांगतलं.
डब्बा परत आनला, झाकन उघडलं,
चिमूटभर पीठ माह्या तयहातावर ठेवलं :
"इंदू, जाडं येऊन रायलं वं. भाकर थापता थापता फाटते."

अठरा वर्सं चक्की चालवते मी.
अंगठ्यानं बोटावर घासलं का कयते मले
गहू का जवारी, बारीक का भरड.
त्या दिवशी हातावर पीठ होतं
आन् हाताले काईच समजलं नाई.

घरात म्हनत, आयशी झाली.
सासूनं मीठ-मोहरी ओवायली, चौकटीले लिंबू बांधला.
मी लिंबाकडे पायत बसो.
लाईन येये, बटन दाबाले हात उठत नसे.
ओसरीवर डब्ब्यांची रांग,
एकेक चिठ्ठी वाचाले दहा मिन्टं.
राती तीनले जाग. रोज तीनले.
रडू नोयतं येत. आलं असतं तं बरं झालं असतं.

पोरगा शायेतून पयत आला, चित्राले बक्षीस भेटलं म्हने.
मी म्हनलं, "बरं."
त्यानं कागदाची घडी केली, दप्तरात ठेवली.

एकदा चक्कीच्या चालू पट्ट्यापाशी
लय वेय उभी रायली.
हे कोनाले सांगतलं नोयतं.

नणंद आर्वीले नर्स. दिवायीले आली तं
नाडी पाहाव तसा माहा हात धरला,
धरूनच ठेवला.
"वैनी, कवापासून?"
सारे इचारत, काय झालं.
काय झालं, याचं उत्तर माह्यापाशी नोयतं.
कवापासून, याचं होतं :
"पोयापासून."

वर्ध्याच्या दवाखान्यात सात नंबरची खोली.
बाकड्यावर एक कोतवाल, एक कॉलेजची पोरगी,
मांडीवर हरभऱ्याची भाजी निवडत एक बुढी.
मले वाटलं होतं, येडे असतीन.

डॉक्टरीन बाईनं बीपी इचाराव तसंच इचारलं :
झोप? भूक? जगू नये असं वाटतं कधी?
पट्ट्याचं तिलेच पयल्यांदा सांगतलं.
ती दचकली नाई. पेन खाली ठेवला,
पुरं आयकलं, मंग लिवलं.
"आजार आहे हा, बाई. तुमचा आळस नाही.
गोळीला महिना-दीड महिना लागेल.
बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय सोडू नका."
नणंदीले म्हने, तोवर एकटं ठेवू नका यांना.

पयले आठ दिवस तोंड कोरडं, मयमय.
सासूनं लिंबू काई सोडला नाई.
पन राती आठ वाजले का
गिलास आन् गोयी घेऊन तीच उभी राये.

संक्रांतीच्या मांगंपुढं एका सकायी
चक्कीचा आवाज कानात शिरला,
कोरडा, घासल्यावानी.
दगडाचे दात गेले होते.
किती मयन्यापासून तसाच वाजत असन!

पाट खोलला. टाकी घेतली, हातोडी घेतली.
निम्मा दगड झाला अन् दम लागला,
अजून लागते कदी कदी. बसली.
पोरगा दारात उभा.
म्हनलं, "तो कागद कुठं हाये रे?"

दप्तरातच होता.
घडीवर फाटत आलेला.
पीठ पुसाले हात लुगड्यावर घासले,
मंग उघडला.