एअरी-फेअरी

कोशात अर्थ आहे: अव्यवहारी, हवेतलं.
बार्न्सलीत तो बटाटे सोलताना कळायचा.
डोरीन सुरी न थांबवता म्हणायची,
"एअरी-फेअरी, सेड्रिक,"
आणि साल सलग उतरत राही.

छतावर पवनचक्की, तिच्यावर चालणारं घड्याळ:
एअरी-फेअरी.
कबुतरांच्या उबेवर टोमॅटो: तेच.
(कबुतरांनी रोपं खाल्ली.)
एकदा तर गॅसच्या बिलालाही म्हणाली,
तेव्हा शब्दाची व्याप्ती वाढली.

मार्चपासून स्वयंपाकघरात फक्त फ्रिज बोलतो.
काल त्याने नवा आराखडा टेबलावर पसरला:
पन्हळीतल्या पाण्यावर वाजणाऱ्या घंटा,
नऊ सूर, सायकलची दोन चाकं.
शेजारचा पोरगा वाकून बघत म्हणाला,
"जमेल की. बेअरिंग आहेत माझ्याकडे."

सेड्रिक गप्प.
जमेल, हे ऐकायची सवयच नव्हती.
एवढी वर्षं त्या एका शब्दाला टेकूनच तर
त्याची शिडी उभी होती.

रात्री भांडी विसळताना तो स्वतःच म्हणून पाहतो,
तिच्यासारखं, 'फेअरी'वर जरा रेंगाळत.
नाही येत.
मग एक बटाटा घेतो.
साल तिसऱ्याच वळणावर तुटतं.