काव

गणपती उठले त्या आठवड्यात आम्ही सात पाइप रंगवले.
साधे, अर्ध्या इंचाचे, पांढरे पीव्हीसी,
रंग मात्र गंजाचा, प्रयोगशाळेतच घोटलेला.
गॅलरीत वाळत घातले तेव्हा शिपाई मुरगूडकरमामा म्हणाले,
"तुळशीला लावायची काव चुकून नळाला लावलीसा काय, मॅडम?"

देवगोंडांचा तुकडा कुरुंदवाडच्या अलीकडं.
नऊ गुंठे. ऊस धरत नाही,
पाणकणीस न लावता उभं.
"मेलीया ही," टाच दाबत ते म्हणाले,
आणि टाचेभोवती बुडबुडे आले,
थांबले, पुन्हा दोन आले.
मी वाद घातला नाही.
पाइप रोवले, दोरे बांधले, वहीत तारीख घातली.

खाली काय चालतं, मला एवढंच नीट सांगता येतं:
श्वास म्हणजे आत घेणं नव्हे.
वैरणीचा भारा घेऊन आलेली बाई
गोठ्याच्या दारात थांबून म्हणते ना, हात लावा कुणीतरी,
तसं ते.
खाणाऱ्या प्रत्येक जिवाच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांचा भारा,
उतरून घ्यायला कुणी नसेल तर खाणंही थांबतं.
हवा खेळते तोवर ऑक्सिजन असतोच दारात.
पाणी चढलं की तो दोन दिवसांत संपतो.
मग नायट्रेट, पोत्यातनं आलेला पाहुणा,
चार लोकांना हात लावून हवेत निघून जातो
(देवगोंडांच्या खताचे पैसे असेच गेले, दोनदा).
मग मँगनीज, असेल तेवढं.
मग लोखंड.
आणि लोखंडाला आपल्या मातीत काय तोटा!

पण लोखंड भारा घेतं आणि स्वतःच विरघळतं.
तांबडेपण पाण्यात उतरतं, कुणाला न दिसता,
मागं राहतो पारव्याच्या पाठीसारखा करडा चिखल.

चंपव्वांची जोडवी हुपरीची, अस्सल.
त्या चिखलात पाय घातला आणि संध्याकाळपर्यंत काळी.
"नजर लागली बघा."
म्हटलं, गंधक आहे, आणखी खाली.
लोखंडानंही हात टेकले की गंधकाची पाळी येते,
तो कुजक्या अंड्याचा वास त्याचाच.
"मग गंधकाची नजर," त्या म्हणाल्या,
आणि राखेनं घासत बसल्या.

मीटरवर उणे एकशे ऐंशी.
मी आकडा लिहिला. तो कुणाला वाचून दाखवण्यासारखा नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाइप उपसले.
वरची वीतभर काव जशीच्या तशी.
त्याखाली पांढरं,
कडांना विरलेलं, मध्ये लख्ख,
ना दातांच्या खुणा, ना नखांच्या.
पाचव्यावर मात्र एक बारीक तांबडी रेघ
सरळ खालपर्यंत शाबूत:
तिथून पाणकणसाचं मूळ गेलं होतं.
ते पानातली हवा पोकळीतून खाली नेतं,
थोडी वाटेत सांडतं.
मूळ हातात घेतलं तर त्यालाही गंजाचा कोट.

देवगोंडांनी पांढऱ्यावर अंगठा फिरवला.
"कुणी खाल्ला ह्यो?"
खाल्ला नाही, म्हटलं. यावर श्वास घेतला.
"किती जणांनी?"
चिमूटभर मातीत कोट्यवधी असतील.
ते बराच वेळ वावराकडं बघत राहिले,
ओळखीच्या घरात अनोळखी माणसं निघावीत तसे.
मग म्हणाले, "बरं. आन् ऊस?"
पाणी काढल्याशिवाय नाही, मी म्हटलं.
चर खणावे लागतील, खाली नळ्या घालाव्या लागतील,
शेजारच्यांनीही घालायला हवं.
"शेजारचा कशाला घालतोय," ते म्हणाले,
आणि चहाला चला.

कोल्हापुरात आणलेलं ढेकूळ
रात्रभर टेबलावर उघडं राहिलं.
सकाळी करड्या अंगावर तांबडे ठिपके,
मामा फडकं मारून थकले.

अहवालात मी सहाच पाइप लिहिले.
सातव्याचा दोरा म्हशीनं तोडला असावा,
खूप चाचपडलं, सापडला नाही.
तो अजून तिथंच आहे.
आता आभाळ उघडलंय, लोक तुकड्यावरून बघत जातात
आणि रिकामा म्हणतात.
खाली अंधारात
उरलेली काव
एकेकाचा भारा उतरवते आहे.