हे बरं, की हे?

गोखले रोडवरच्या दुकानात, आतल्या अंधाऱ्या खोलीत
बावीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारतोय.
भिंग फिरवतो. खट्.
हे बरं, की हे?
पुन्हा दाखवू? हे... की हे?
बहुतेक जण ठाम सांगतात.
काही कावरेबावरे होतात, परीक्षेला बसल्यासारखे.
त्यांना म्हणतो, इथे उत्तर चुकत नाही, दिसतं ते सांगा.

गोळी सुरू होऊन अकरावा दिवस.
पांढरी, मधोमध चीर, नाश्त्यानंतर एक.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन-तीन आठवडे द्या तिला,
नव्या सुनेला द्यावेत तसे.

आधी मी पडून असायचो. एवढंच.
चराईतल्या घरी, पंख्याखाली, चुरगळलेल्या चादरीसारखा.
हेमांगी येता-जाता जरा सारखा करून जायची.
दुःख होतं, पण बैठं होतं.

आता त्याला पाय फुटलेत.
मांडीत कुणीतरी शिवणयंत्र चालू ठेवून बाजारात गेलंय.
ओट्यापासून गॅलरीपर्यंत सतरा फरशा,
गॅलरीपासून ओट्यापर्यंतही सतरा,
रात्री दीडला खात्री करून घेतली, अडीचला पुन्हा.
झोप नाही, भूक नाही, रडूही नाही.
जबडा मात्र दिवसभर काहीतरी चावत असतो.

भिंग कुणी फिरवलं?
हा आजार, की हे औषध?
की औषधातून पाहिलेला आजारच, जरा मोठा दिसणारा?
मला माझा नंबर काढता येत नाही.

लहानपणी साताऱ्याचा मामा म्हणायचा,
फार चाळे केलेस तर ठाण्याला पाठवू,
आणि सगळे हसायचे, कारण आम्ही ठाण्याचेच.
मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने.
मग कुणाला काही सांगायला पंचेचाळीस वर्षं लागली.

सोमवारी पहाटे तलावपाळीवर गेलो.
पेडलच्या बोटी एकीला एक बांधलेल्या.
त्यांचे नंबर वाचत उभा राहिलो, चार, नऊ, सात,
कारण नंबर संपले की पाणी होतं,
आणि पाण्याविषयी एक विचार आला होता
जो गोळीच्या आधी, इतक्या गाळातसुद्धा, कधी आला नव्हता.
ओळखीच्या माणसासारखा आला. चप्पल न काढता.
एका दूधवाल्याने विचारलं, किती वाजले?
चार पन्नास, म्हटलं.
घरी येऊन चहा टाकला. हेमांगीला काही बोललो नाही.

दुपारी मागच्या खोलीत काचा घासणारा जमीर
कागद घेऊन पुढे आला.
"साहेब, तीन गिऱ्हाइकं, तिघांनाही एकच नंबर लिहिलाय."
मग हळू आवाजात,
"तुमचा पाय सकाळपासून थांबलेला नाही."

त्याला सगळं सांगितलं. त्यालाच का, माहीत नाही.
काचेची भुकटी त्याच्या भुवयांवर, तो मध्ये बोलला नाही.
शेवटी म्हणाला, "नवा चष्मा टोचला तर लोक दुसऱ्या दिवशी भांडायला येतात.
तुम्ही अकरा दिवस थांबलात?"

फोन त्यानेच लावून दिला.
मी ऐकायच्या तयारीत होतो: धीर धरा, होतं असं.
पण पाणी हा शब्द ऐकला आणि बाईंचा आवाज बदलला.
"एकटे राहू नका. मिसेसना बोलवा, तासाभरात दोघं या.
गोळीने असं कधीकधी होतं, आणि झालं की त्याच दिवशी कळवायचं असतं.
हे मी तुम्हाला ठसवून सांगायला हवं होतं."

ती गोळी गेली. दुसरी आली, आधी चतकोर,
डबा हेमांगीच्या पर्समध्ये.
पाय पाचव्या दिवशी थांबला.
बरा झालो असं लिहिणार नाही.
दुःख परत बैठं झालं, जुन्या जागी, ओळखीचं,
त्याला पाहून जवळजवळ हायसं वाटलं.

परवा कळव्याचा एक रिक्षावाला खुर्चीत बसला.
खट्. हे बरं, की हे?
बराच वेळ गप्प. मग ओशाळून म्हणाला,
"दोन्ही खराबच आहेत. पण मघाचं जास्त."
मी तसंच लिहून घेतलं
आणि तिसरं भिंग लावलं.