राळं

शारजाच्या पक्षीबाजारात शुक्रवारी सकाळी
मी वयं विचारत फिरलो.
किंमती नव्हे, वयं.
हा किती जगतो? आणि हा?

कासव म्हणे पन्नास वर्षं, सहज.
माझा व्हिसा दोन वर्षांचा,
त्यातले सात महिने गेलेले.
थोरल्या चुलत्याला करावा तसा
मनातल्या मनात नमस्कार करून मी पुढं झालो.

राखाडी पोपट साठ.
म्हणजे मृत्युपत्रात नाव घालायला हवं.
मांजर पंधरा; शर्वाणी तोवर एकतीसची.
हॅमस्टर दोन.
दोन! हिशेब जुळला, कागदपत्रांसकट.
पण दुकानदार दाद मोहम्मद,
दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल,
म्हणाला, हा रात्रभर चाक फिरवतो.
तू उठतोस कधी?
चारला.
मग तो झोपायला जाणार तेव्हा तू उठणार.
असले संसार फार पाहिलेत मी इथं.

त्यानं बरणीतला निळा मासा दाखवला.
एकटाच राहतो. दुसरा दिसला की मारामारी.
नवख्यांना मी बहुतेक हाच देतो.
मासा पर फुलवून
काचेतल्या स्वतःवरच धावून गेला.
माझ्या भाडेकरारात लिहिलंय:
एक्झिक्युटिव्ह बॅचलर.
लग्नाला एकोणीस वर्षं झालेला बॅचलर.
नको, म्हटलं. ह्याला मी ओळखतो.

तेव्हा तो स्टुलावर बसला
आणि मलाच प्रश्न घालू लागला,
जणू मुलीचा बाप.
खिडकी कुठल्या दिशेला?
रविवारी कुठं असतोस?
नॉनस्टिक तवा आहे? टाकून दे,
करपला की त्याच्या धुरानं पाखरं मरतात.
आणि बाहेर पडताना एसी बंद करतोस?

करतो.
अकरा वर्षं, न चुकता.
(विजेच्या खात्याला इथं ‘सेवा’ म्हणतात;
बिल आलं की कळतं, कुणी कुणाची.)
ऑगस्टात बंद खोली म्हणजे भट्टी, तो म्हणाला.
तू बारा तासांनी येणार.
ती तोवर थांबणार नाहीत.

शेजारच्या पिंजऱ्यात
चिमणीच्याही निम्मी पाखरं,
लाल चोची, गालावर शेंदराचं बोट.
खेळण्यातला भोंगा दाबावा तसा आवाज.
एकच द्या, मी म्हणालो.
त्यानं दोन काढली.
तू अकेला है, ठीक है. इसको किस बात की सज़ा?

बसमध्ये मांडीवर भोकांचा खोका.
दोघं आत सरकली की
खोक्याचं वजन या मांडीवरून त्या मांडीवर जायचं.
इतकं कमी वजन मी कधी इतकं जपून धरलं नव्हतं.

रात्री नीलाक्षीला पिंजरा दाखवला, फोनवर.
हे त्यांचं खाणं, कंगनी म्हणतात.
पाकीट जवळ धरा, म्हणाली. अजून जवळ.
अहो, कंगनी कसली, हे तर राळं!
भोगीला भात करते मी याचा,
तुम्ही दरवर्षी नाक मुरडता.

भोगी येते जानेवारीत.
मला सुट्टी मिळते जुलैत.
तिलाही ते आठवलं असावं,
जरा थांबली,
मग म्हणाली, तवा टाकलात का?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला
बूट घातले, डबा घेतला,
हात आपोआप बटणाकडे गेला.
तिथंच राहिला थोडा वेळ.
मग मी एसी सव्वीसवर केला
आणि कुणाला तरी सांगावं तसं
येतो, म्हणालो.

दुपारी साइटवर अठ्ठेचाळीस.
सळई हातमोज्यातूनही पोळत होती.
जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोललो नाही.
खोली गार असेल, इतकंच डोक्यात.

संध्याकाळी दार उघडलं.
गारवा अंगावर आला.
फरशीभर राळं सांडलेलं,
टरफलं पार चपलेच्या स्टँडपर्यंत.
झाडू घेतला, पुन्हा ठेवला.
माझ्याआधी
घरात कुणीतरी जेवलं होतं.